चित्त्याची धाव

पृथ्वीच्या पाठीवर सर्वांत वेगाने धावणारा प्राणी कोणता, असे कोणत्याही शाळकरी मुलास विचारावे. तो तत्काळ 'चित्ता' असे उत्तर देईल, आणि थोडे अधिक छेडले तर ताशी सत्तर मैल, अथवा आजच्या भाषेत ११२ किलोमीटर, हा आकडाही तोंडपाठ म्हणून दाखवील. उत्तर बरोबर आहे. आकड्याविषयी पुढे बोलू. परंतु असा हा वाऱ्याशी पैज घेणारा प्राणी आपल्या देशातून नाहीसा कसा झाला, त्यास पळून का जाता आले नाही, असे त्याच मुलास विचारले तर तो निरुत्तर होईल, आणि त्याचे वडीलही बहुधा होतील. वेग हेच ज्याचे सर्वस्व तो पाठलागात सापडावा, हे वरवर पाहता विसंगत दिसते. त्याचा उलगडा करावयाचा तर इतिहासाची पाने व प्राणिशास्त्राची पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. प्रस्तुत लेखात तसा यत्न आम्ही करीत आहोत.

प्रथम नावाचा घोळ निस्तरणे अवश्य आहे. आमच्याकडे खेडोपाडी बिबट्यासच सर्रास 'चित्ता' म्हणतात. वस्तुतः हे दोन प्राणी अगदी भिन्न. बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलांसारखे ठिपके असतात, तर चित्त्याच्या अंगावर शाईचे थेंब पडावेत तसे भरीव ठिपके असतात. शिवाय डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांपासून तोंडापर्यंत आसवांच्या ओघळासारखी एकेक काळी रेघ उतरलेली असते. बिबट्या दबा धरणारा, झाडावर चढणारा, गर्द झाडीचा रहिवासी. चित्ता उंच पायांचा, सडपातळ कमरेचा, मोकळ्या माळाचा. त्याचे नाव संस्कृतातील 'चित्रक' या शब्दापासून निघाले, आणि हिंदीतून ते इंग्रजीत जाऊन आज सर्व जगात रूढ झाले आहे. प्राणी गेला तरी आम्ही जगास दिलेले नाव तेवढे राहिले.

चित्त्याकडून शिकार करविण्याचा आपल्याकडील जुना उल्लेख 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात आढळतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला हा ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा. मराठी भाषेच्या अभ्यासकांस तो त्यातील जुन्या मराठी पदांमुळे परिचित आहे. परंतु राजाने मन कसे रमवावे याचे जे सविस्तर वर्णन त्यात आले आहे, त्यात चित्त्याच्या शिकारीसही स्थान आहे. म्हणजे बाराव्या शतकात दक्षिणेत हा खेळ राजदरबारी मान्यता पावलेला होता.

त्याचा कळस झाला तो अकबराच्या काळी. अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त चित्तेखान्याचा जो वृत्तांत दिला आहे तो वाचताना आपण एखाद्या सैन्यखात्याचा अहवाल वाचीत आहोत असे वाटते. चित्ते कसे पकडावेत, त्यांच्या प्रती किती, कोणत्या प्रतीस रोज किती शेर मांस द्यावे, हे सर्व त्यात नमूद आहे. पूर्वी नवा धरलेला चित्ता शिकारीस तयार करण्यास दोन-तीन महिने लागत. बादशहाने जातीने लक्ष घातल्यापासून हे काम अठरा दिवसांत होऊ लागले, असे अबुल फजल अभिमानाने सांगतो. समंद माणिक नावाच्या एका लाडक्या चित्त्यास तर चौडोलात बसवून नेत. बाजूने शस्त्रसज्ज नोकर धावत आणि पुढे नगारा वाजत असे. ज्याच्या पायांइतके वेगवान पाय दुसऱ्या कोणाचे नाहीत त्यास पालखीत बसवून मिरवावे, यातील विनोद त्या दरबारात कोणाच्या ध्यानी आला होता किंवा नाही, कोण जाणे!

परंतु या मिरवणुकीहून जहांगीराच्या आत्मवृत्तातील एक लहानशी नोंद आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. तो लिहितो की, आपल्या वडिलांनी एक हजार चित्ते जमविले होते. त्यांची जोडी जमावी अशी त्यांची फार इच्छा होती, परंतु ते काही केल्या साधले नाही. पुढे जहांगीराच्या कारकीर्दीत, १६१३ च्या सुमारास, एक नर गळपट्टा सोडवून मादीकडे गेला व तिला तीन पिल्ले झाली. बादशहाने हे एक नवल म्हणून टिपून ठेवले. आणि ते नवलच होते. कारण यानंतर बंदिवासात चित्त्याची पिल्ले जन्मल्याची जगातील पुढची नोंद एकदम १९५६ सालची, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या प्राणिसंग्रहालयातील आहे. मध्ये जवळजवळ साडेतीन शतके गेली!

या नोंदीचा अर्थ काय, हे वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे. घोडा, हत्ती, श्वान, ससाणा यांप्रमाणे चित्ताही राजेलोकांच्या पदरी होता. पण घोड्याची पैदास पागेत होते, चित्त्याची होत नसे. दरबारातील प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला असे. त्यातही पिल्लू आणून भागत नसे. कारण पाठलाग कसा करावा, सावज कसे पाडावे, हे शिक्षण त्यास आईकडून मिळालेले असावे लागे. म्हणून माळावर स्वतः शिकार करून पोट भरणारा, वयात आलेला चित्ताच पारध्यांस हवा असे. ज्या वयाच्या प्राण्यावर रानातील वंश चालावयाचा, नेमका त्याच वयाचा प्राणी शेकडो वर्षे वजा होत राहिला. मोगलांच्या मागून लहानमोठ्या संस्थानिकांनी तोच क्रम चालू ठेवला.

ही शिकार कशी होई, हे तत्कालीन वर्णनांवरून सांगता येते. चित्त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवून त्यास बैलगाडीत बसवीत. काळवीट माणसास पाहून पळतो, परंतु शेतकऱ्याच्या गाडीस तो सरावलेला असतो. म्हणून गाडी सरळ त्याच्या रोखाने न नेता आडवळणाने, रमतगमत, कळपाच्या जवळ आणीत. अंतर पुरेसे कमी झाले की चित्तेवान टोपी काढी. चित्ता मान उंच करून एकवार कळप न्याहाळी, गाडीतून उतरे, आणि मग जे काही होई ते डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच संपून जाई. काही शे यार्डांत एक तर काळवीट धुळीत पडलेला असे, नाही तर चित्ता दम खाऊन खाली बसलेला असे. सावज सापडल्यास चित्तेवान धावत येऊन त्याचा गळा चिरी, लाकडी पळीत रक्त धरून ते चित्त्यापुढे करी, आणि तो ते चाटीत असता हलकेच पुन्हा टोपी चढवी.

या वर्णनातील ती बैलगाडी वाचकांनी विसरू नये. इतका वेगवान प्राणी, आणि त्यास सावजाजवळ नेण्यास बैलगाडी लागावी? येथेच वेगाचे शास्त्र सुरू होते.

प्राणी चालतात कसे, याचा विचार ॲरिस्टॉटलने केला होता. परंतु त्यास गणिताची जोड दिली ती इटालियन पंडित बोरेली याने. 'प्राण्यांची गती' या विषयावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८० मध्ये, प्रसिद्ध होऊ लागला. हाडे म्हणजे तरफा आणि स्नायू म्हणजे त्या ओढणाऱ्या दोऱ्या, असे मानून त्याने हिशेब मांडले. त्यापूर्वीच, १६३८ मध्ये, गॅलिलिओने दाखविले होते की शरीराची लांबी दुप्पट झाली तर हाडाचा छेद चौपट होतो, पण वजन आठपट होते. म्हणून हत्तीचे पाय हरिणाच्या पायांसारखे बारीक असून भागणार नाही. पुढे १९५० मध्ये ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने याच धाग्याने जाऊन असे प्रतिपादिले की, बांध्याने सारख्या असलेल्या लहानमोठ्या प्राण्यांचा परम वेग जवळजवळ सारखाच यावा; कारण मोठ्याचे पाऊल लांब पडते, परंतु ते त्याच प्रमाणात सावकाश पडते.

हे गणित सुरेख आहे. पण सृष्टी त्याप्रमाणे सर्वस्वी वागत नाही. मुंगीहून उंदीर वेगवान, उंदराहून ससा, सशाहून हरीण. येथवर वेग आकाराबरोबर चढत जातो. मग हत्ती सर्वांत वेगवान का नसावा? २००३ मध्ये थायलंडातील हत्तींवर केलेल्या प्रयोगांत त्यांचा अधिकात अधिक वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर भरला, आणि तेवढ्या वेगातही चारही पाय एकदम जमिनीवरून सुटत नाहीत असे दिसून आले. याचे एक समाधानकारक उत्तर २०१७ मध्ये मीरियाम हिर्ट व त्यांचे सहकारी यांनी दिले. त्यांनी ४७४ जातींच्या प्राण्यांचे वेग तपासले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: परम वेग गाठण्यास वेळ लागतो, आणि देह जितका जड तितका तो वेळ अधिक. या झपाट्याच्या वेळी स्नायू श्वासातील प्राणवायूवर अवलंबून न राहता आपल्यातील साठविलेल्या शक्तीवर काम करतात. तो साठा थोडका. हत्तीच्या अंगी बळ कमी नाही. पण परम वेग गाठण्याच्या आतच त्याची ही शिदोरी संपते. म्हणून सर्वांत वेगवान प्राणी फार लहानही नसतात व फार मोठेही नसतात. चाळीस-पन्नास किलो वजनाचा चित्ता आणि त्याहून थोडा हलका काळवीट, हे दोघेही या चढाच्या माथ्याजवळ उभे आहेत, हा योगायोग नव्हे.

माथ्याजवळ पोहोचल्यावर मात्र चित्त्याने जे केले ते दुसऱ्या कोणत्याही मांजरकुळातील प्राण्यास साधले नाही. त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो व सुटतो. १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज याने धावत्या घोड्याची छायाचित्रे ओळीने घेतली, तेव्हा असे सिद्ध झाले की घोड्याचे चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार त्यास पुढेमागे पाय ताणून उडताना दाखवीत ते चूक होते. चित्ता मात्र प्रत्येक ढांगेत दोनदा हवेत असतो, एकदा पाय गोळा करून व एकदा ताणून. म्हणजे मोगल चित्रकारांची जी ऐट घोड्याच्या बाबतीत खोटी ठरते ती चित्त्याच्या बाबतीत खरी आहे! त्याची नखे बिबट्याप्रमाणे पुरती आत ओढली जात नाहीत. ती खिळ्यांप्रमाणे जमिनीत रुततात. लांब शेपूट वळणावर तोल सांभाळते. श्वासासाठी नाकपोकळ्या मोठ्या झाल्या आहेत.

पण नाकास दिलेली जागा दातांकडून घेतली आहे. चित्त्याचे सुळे लहान, जबडा दुबळा, अंग हलके. सिंह, तरस किंवा बिबट्या समोर आला की स्वतः मारलेले सावज सोडून तो निमूटपणे बाजूस होतो. झुंजण्यास लागणारे सर्व काही त्याने धावण्यापायी विकून टाकले आहे. उलट टोकास आमच्या सह्याद्रीतील खवले मांजर पाहावे: त्याने वेग सोडून चिलखत घेतले, संकट येताच ते अंगाचे वेटोळे करून स्वस्थ पडते, आणि वाघाचे दातही त्यापुढे हतबल होतात. माणूस मात्र ते वेटोळे सरळ पोत्यात घालतो.

आता त्या सत्तर मैलांविषयी. १९६५ मध्ये केनियात एका माणसाळलेल्या चित्त्यास २०१ मीटर अंतर धावावयास लावून घड्याळ लावले, तेव्हा वेग ताशी सुमारे १०४ किलोमीटर आला. रानातील चित्त्याचे खरे मोजमाप होण्यास २०१३ साल उजाडले. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील ॲलन विल्सन यांनी बोट्सवानातील पाच चित्त्यांच्या गळ्यात यंत्रे बांधून ३६७ धावा नोंदविल्या. त्यांतील सर्वांत मोठा वेग ताशी ९३ किलोमीटर होता. परंतु बहुतेक धावा त्याच्या निम्म्यापेक्षा थोड्या अधिक वेगाच्याच होत्या. धावेची सरासरी लांबी १७३ मीटर. चारांतील जेमतेम एकीस यश. पावणेदोनशे मीटर! बैलगाडीचे रहस्य ते हेच. चित्त्याची सत्ता एवढ्याच अंतराची; त्यापलीकडे साधा घोडाही त्यास गाठतो, आणि एकोणिसाव्या शतकात गोरे स्वार त्यास असे दमवून भाल्याने मारीतही असत. इतक्या लवकर तो का थांबतो, याचे 'अंग तापते म्हणून' हे उत्तर १९७३ मधील एका प्रयोगावरून पाठ्यपुस्तकांत रूढ झाले होते. २०१३ मध्ये मोकळ्या चित्त्यांचे तपमान प्रत्यक्ष मोजले गेले, तेव्हा धाव थांबते त्या वेळी अंग फारसे तापलेले नसते असे निष्पन्न झाले.

विल्सन यांच्या २०१८ मधील दुसऱ्या एका संशोधनाने या कथेची दुसरी बाजू उजेडात आणली. चित्त्याचे स्नायू त्याचे सावज असलेल्या इंपाला हरणाच्या स्नायूंहून सुमारे २० टक्के अधिक जोरकस असतात, आणि वेग वाढविण्याची त्याची शक्ती ३७ टक्क्यांनी अधिक असते. मग हरीण जगते कसे? ते आपल्या परम वेगाने पळतच नाही. थोडे सावकाश पळून, शत्रू अगदी लगटला की ते एकाएकी वळते. सावकाश धावणाऱ्यास वळणे सोपे. भरधाव येणाऱ्यास कठीण. चित्त्याचा वेग आणि हरणाचे वळण ही अशी एकमेकांस घासून तासलेली हत्यारे आहेत. पैकी एक बाजू नाहीशी झाली, तरी दुसरी बोथट व्हावयास युगे लागतात. उत्तर अमेरिकेतील प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी तेथील कोणत्याही शत्रूस लागत नाही इतका वेगवान आहे. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या चित्त्यासारख्या मार्जाराच्या भयाने त्यास तो वेग आला असावा, असे जॉन बायर्स या शास्त्रज्ञाचे मत आहे. त्यावर अलीकडे वाद माजला आहे. पण आमच्या काळविटाच्या बाबतीत हजारो वर्षे मागे जाण्याचे कारण नाही. नगर जिल्ह्यातील रेहेकुरीच्या माळावर आजही जो काळवीट उसळ्या घेत जातो, त्याच्या मागे लांडगा लागतो, भटकी कुत्री लागतात. ज्याच्यापुढे ती धाव तासली गेली तो पाऊणशे वर्षांपूर्वीच गेला.

तो गेला कसा, हे आता थोडक्यात सांगता येईल. इंग्रजी अमदानीत चित्त्यास उपद्रवी श्वापद ठरवून मारणारास बक्षिसे दिली जात. माळ नांगराखाली आले; काळवीट बंदुकीने विरळ झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीची वर्षे सरली तोवर अशी वेळ आली की, कोल्हापूर व भावनगर या शिकारीबद्दल प्रसिद्ध असलेल्या दरबारांस चित्ते आफ्रिकेतून आणवावे लागले. ज्या देशात एका बादशहाच्या पदरी हजार चित्ते होते त्याने ते जहाजातून मागवावेत! तरीही ही आयात चालू असता देशातील उरलेल्या चित्त्यांची मोजदाद कोणी केली नाही, याचे आम्हांस आश्चर्याहून अधिक दुःख वाटते.

सर्वमान्य अशी अखेरची नोंद १९४७ ची. आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री मोटारीतून जाताना तीन नर चित्ते मारले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली, तेव्हा संपादकांनी आपला संताप तेथेच छापून टाकला. त्या हकीकतीतील एक तपशील आमच्या विषयाशी लगटून आहे: तिन्ही चित्ते शेजारी शेजारी बसलेले होते, आणि दुसरी गोळी एकाच्या अंगातून आरपार जाऊन मागच्यास लागली. त्यांस एक पाऊल धावण्याचाही अवसर मिळाला नाही. १९५२ मध्ये सरकारने जात नष्ट झाल्याचे जाहीर केले. आशियाई चित्ता आज केवळ इराणात, हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, तग धरून आहे.

२०२२ च्या १७ सप्टेंबरास नामिबियातून आठ, आणि पुढील फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या अरण्यात आणण्यात आले. त्यांतील काही दगावले, काहींस पिल्ले झाली. हे आफ्रिकी चित्ते आमच्या जुन्या चित्त्यांचे भाऊबंद खरे, पण निराळ्या शाखेचे. म्हणून कित्येक विद्वान या उपक्रमावर टीका करतात. आमच्या मते शाखेचा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न जागेचा. चित्त्यास धावण्यास पावणेदोनशे मीटर पुरतात, परंतु सावजाचे कळप पोसण्यास व एकट्या मादीस भटकण्यास शेकडो चौरस किलोमीटरांचा उघडा मुलुख लागतो. आणि असा मुलुख आमच्या सरकारी दप्तरांत इंग्रजांच्या वेळेपासून 'पडीक' या सदरात पडला आहे. पडीक म्हटले की त्यावर झाडे लावावीत, कारखाने काढावेत किंवा ते नांगरावे, एवढेच सुचते. गवताळ माळ हे अरण्याइतकेच पुरातन व भरलेले निवासस्थान आहे, ही गोष्ट सोलापूर-नगरकडील धनगर पिढ्यान् पिढ्या जाणतो. मामलेदार कचेरीस ती अद्याप पटावयाची आहे.

कुनोतील गवताळ पट्टेही निसर्गाने राखून ठेवलेले नव्हते. गीरचे सिंह तेथे आणावयाचे या हेतूने गेल्या शतकाच्या अखेरीस त्या अरण्यातील चोवीस गावे उठविण्यात आली. त्यांतील रहिवासी बहुतांशी सहरिया आदिवासी. सिंह आले नाहीत. गावे ओस पडली, शेतांवर गवत माजले, त्या गवतावर चितळांचे कळप वाढले. आणि आज आफ्रिकेहून आलेला चित्ता चितळामागे धावतो तो त्या जुन्या शेतांवरून.